घोड्याचा नकार

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी, पाचगणीच्या टेबल लँडवर, जुहूच्या वाळूत किंवा माथेरानच्या तांबड्या वाटांवर महाराष्ट्रातल्या अनेक शहरी मुलांची घोड्याशी पहिली गाठ पडते. आधी भाव ठरतो. मग मुलाला काखेत धरून खोगिरावर ठेवतात, आई-वडील फोन काढतात आणि घोडेवाला लगाम धरून एक फेरी मारून आणतो. मूल रडत असेल तर ‘काही होत नाही, घट्ट धर’ एवढेच त्याला सांगितले जाते. फेरी संपल्यावर ‘गेली ना भीती?’ असे विचारायचे, मुलाने मान हलवायची, की घोड्याशी ओळख झाली असे सगळे धरून चालतात.

माझ्या मते यात ओळख अजिबात होत नाही. घोडा कुठे पाहतो, कशाला बिचकतो, कान कधी मागे पाडतो, त्याला कुठे खाजवलेले आवडते, यातले काहीच त्या मुलाला कळलेले नसते. आणि घोड्याच्या बाजूने पाहिले, तर पाठीवर एक वजन आले आणि उतरले, एवढेच घडलेले असते. घोड्याचा नकार मुलाला ओळखता आला आणि तो ओळखून त्याने आपण होऊन हात मागे घेतला, की ओळख झाली असे मी म्हणेन. बसणे, दुडकी चालवणे, दौडणे हे सगळे त्याच्या पुढचे. हा क्रम आपण उलटा करून ठेवला आहे. त्यातून केवळ अपघाताचा धोका वाढत नाही. ज्याला बोलता येत नाही त्याची इच्छा विचारायचीच नसते, हा धडा मूल त्या पाच मिनिटांत पक्का करून घरी नेते. मला जास्त चिंता या धड्याची वाटते.

घोडा कसा प्राणी आहे, तो माणसाकडे कसा पाहतो, मुलाच्या भीतीचे काय करायचे आणि या सगळ्यावरून ओळखीचा क्रम कसा ठरतो, अशा पायऱ्यांनी हे म्हणणे मांडतो. नेहमी घेतले जाणारे आक्षेप त्यानंतर घेईन.

१. पळून वाचलेला प्राणी

घोड्याबद्दलचे बहुतेक गैरसमज त्याच्या आकारामुळे होतात. चारशे-पाचशे किलोचा देह पाहून आपण त्याला बलवान आणि म्हणून निर्भय समजतो. वस्तुस्थिती उलट आहे. लाखो वर्षे घोडा हा शिकार होणारा प्राणी होता. त्याला ना शिंगे आहेत, ना नख्या. तो वाचला तो वेळेवर पळाल्यामुळे, आणि त्याचे सगळे शरीर या एका कामासाठी घडले आहे.

डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला सभोवतालचे सुमारे ३५० अंश दिसते. न दिसणाऱ्या जागा दोनच: थेट शेपटीमागची आणि कपाळासमोरची, नाकाच्या अगदी पुढची. आपण मुलांना नेमके या दोन जागांतून घोड्याकडे पाठवतो. मूल मागून धावत येते, किंवा समोरून येऊन एकदम नाकावर हात ठेवते. घोड्याच्या दृष्टीने तो हात शून्यातून आलेला असतो. उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून सावलीच्या पट्ट्यापाशी थबकणारा घोडा हट्टी आहे असे समजणे चूक आहे. माणसाला ऐकू येत नाहीत इतके उंच पट्टीतले आवाज त्याला ऐकू येतात. मुलाची आनंदाची किंकाळी त्याच्या कानांवर कशी आदळत असेल, याचा अंदाज यावरून करता येईल.

घोडा उभ्यानेच डुलकी काढतो, कारण पायांचे सांधे अडकवून ठेवण्याची सोय त्याच्या शरीरात आहे. आडवे पडून गाढ झोपणे दिवसातून थोडाच वेळ आणि तेही सुरक्षित वाटले तरच. देहाच्या मानाने त्याचे जठर लहान असते आणि त्याला उलटी करता येत नाही. म्हणून रानातला घोडा दिवसाचा बहुतेक वेळ थोडे थोडे चरत काढतो, आणि म्हणूनच पर्यटकांनी प्रेमाने भरवलेला पाव-बिस्किटांचा ढीग त्याच्या पोटात जीवघेणा शूळ उठवू शकतो. प्रेमाने केलेली गोष्ट हितकारक असतेच असे नाही, हे मुलांना शिकवायला याहून सरळ उदाहरण मिळणार नाही.

यावरून एक निष्कर्ष निघतो. अशा प्राण्याच्या लेखी घाई हे संकटाचे लक्षण असते. जवळ येणारा प्राणी घाईत असेल तर तो शिकारी असण्याची शक्यता जास्त. त्यामुळे संयम हा घोड्यासोबत वावरण्याचा पहिला नियम ठरतो. त्याच्याशी काही बोलायचे असेल तर ते संयमानेच बोलता येते.

भाड्याने फिरणारे घोडे तर शांतच असतात, असे यावर म्हटले जाईल. काही खरोखर शांत असतात. चांगल्या घोडेवाल्याच्या हाताखाली मोठी झालेली, माणसाळलेली घोडी मुलांच्या गोंगाटात डोळे अर्धे मिटून उभी राहते आणि तिला पाहून बरे वाटते. पण आपल्या नकाराचा उपयोग होत नाही हे कळून चुकलेला घोडाही तितकाच स्तब्ध उभा राहतो. मान खाली, नजर कुठेच नाही, माशी बसली तरी कातडी थरथरत नाही. या दोन स्तब्धतांमधला फरक मोठ्यांनाही चटकन कळत नाही. मुलाला तो कळावा असे वाटत असेल, तर आधी त्याला नुसते पाहायला शिकवले पाहिजे.

२. घोडा आपल्याला वाचत असतो

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या शिक्षकाचा हान्स हा घोडा गणिते सोडवण्याबद्दल प्रसिद्ध होता. प्रश्न विचारला की तो टापा आपटून उत्तर देई. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने शोधून काढले की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल, किंवा तो हान्सला दिसत नसेल, तर हान्सची गणिते चुकत. टापांची संख्या योग्य आकड्यावर पोचली की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई, आणि तेवढ्या हालचालीवरून हान्स थांबत असे. हे गुपित कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल दाबून टाकणे जमेना.

ही गोष्ट घोड्याची फजिती म्हणून सांगितली जाते. मला ती घोड्याच्या असामान्य क्षमतेची गोष्ट वाटते. गणित त्याला येत नव्हते. पण समोरच्या माणसाच्या मानेतला त्याला स्वतःलाही न जाणवणारा ताण तो टिपत होता. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. रागीट चेहरा पाहताना घोडे तो डाव्या डोळ्याने न्याहाळण्याकडे झुकले आणि त्यांच्या हृदयाचे ठोके जास्त वेगाने वाढले. त्याच वर्षी नॉर्वेतल्या संशोधकांनी २३ घोड्यांना तीन खुणांच्या पाट्या ओळखायला शिकवल्या: अंगावर झूल घाला, झूल काढा, आहे तसे राहू द्या. घोडे हवामानाप्रमाणे पाटीला नाक लावून आपली पसंती सांगू लागले. पावसाळी गारठ्यात झूल मागितली, ऊन असताना नाकारली.

घोड्याला पसंती-नापसंती असते, हे घोडे पाळणाऱ्यांना प्रयोगाशिवायही माहीत होते. या प्रयोगाचे महत्त्व असे की विचारण्याची रीत शोधली तर तो उत्तर देतो, हे त्यातून लख्ख दिसले. मुलाची घोड्याशी ओळख करून देताना आपल्याला हीच रीत हवी आहे. तिच्यासाठी पाट्यांची गरज नाही.

३. मुलाची भीती हा दोष नाही

आता मुलाकडे वळू. चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर घोड्याचे पाय आणि पोट येते, डोके कुठेतरी वर असते. त्याला भीती वाटणे ही त्याच्या बुद्धीची खूण आहे. अनोळखी, अवजड, अचानक हलणाऱ्या देहापासून अंतर राखावे, असे त्याचे शरीर त्याला सांगते, आणि ते बरोबर सांगते.

ही भीती मोडून काढायची घाई आपल्याला का असते? एक कारण पैशाचे आणि वेळेचे. घोडा ठरवलेला असतो. दुसरे कारण जास्त खोल आहे. मुलाने, त्यातही मुलग्याने, भिणे हे आपल्याला कमीपणाचे वाटते. वरातीत नवरदेवाच्या पुढे बसवलेला चिमुरडा बँडच्या दणदणाटात रडत असतो आणि आजूबाजूचे हसत असतात. (त्या घोड्याच्या तोंडातल्या लगामाबद्दल आणि कानाजवळच्या ढोलाबद्दल स्वतंत्रच लिहावे लागेल.) रडण्याकडे दुर्लक्ष करून त्याला तिथे बसवून ठेवले, तर मूल शिकते की आपले ‘नको’ मोजले जात नाही. आणि आपण ज्याच्या पाठीवर आहोत त्याचे ‘नको’ही मोजले जात नाही, हे त्याच क्षणी त्याच्या मनात उतरते. दोघांचे नकार एकदमच पायदळी तुडवले जातात.

म्हणून मुलाचा मान आणि घोड्याचा मान हे दोन वेगळे विषय नाहीत. ज्या मुलाला ‘आज नुसते लांबून बघू, जवळ जायचे की नाही ते तू सांग’ असे म्हटले गेले, त्याला घोड्याने मान फिरवल्यावर थांबायचे का, हे वेगळे समजावावे लागत नाही. स्वतःच्या नकाराला मिळालेली वागणूक ते जशीच्या तशी पुढे देते. उलट बाजूही खरी आहे. भीती अजिबात न वाटणारे, घोडा दिसताच पायांत घुसणारे मूल अधिक जोखमीचे असते. त्याला धीर देण्याची गरज नसते, त्याला थांबायला शिकवायचे असते. भित्र्या मुलासाठी आणि बेधडक मुलासाठी रस्ता एकच आहे, फक्त एकाला हळूहळू पुढे आणायचे आणि दुसऱ्याला मागे धरायचे.

४. क्रम: लांबून, मग खांद्यापाशी, मग दोरीने, मग पाठीवर

पहिली पायरी पाहण्याची. वीस-पंचवीस पावलांवर उभे राहून मुलाने घोड्याचे कान पाहावेत. कान दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे फिरतात आणि घोड्याचे लक्ष कुठे आहे ते सांगतात. पुढे टवकारलेले कान म्हणजे कुतूहल किंवा सावधपणा. मानेला चिकटून मागे पाडलेले कान म्हणजे स्पष्ट नकार. सैल, बाजूला झुकलेले कान आणि लोंबता खालचा ओठ म्हणजे निवांतपणा. एका खुणेवरून निर्णय करायचा नाही, हेही इथेच शिकवावे. मागचा एक पाय टोकावर टेकवून घोडा उभा असेल आणि कान सैल असतील, तर तो विश्रांती घेतो आहे. तोच पाय उचललेला असेल, कान मागे असतील, शेपटी झटकली जात असेल, तर तो लाथेची सूचना देतो आहे. पाय तोच, अर्थ निराळा. पाच-सहा वर्षांच्या मुलांना हे कोडे भारी आवडते आणि ती आश्चर्यकारक वेगाने शिकतात. माझ्या मते या पायरीला हवा तितका वेळ द्यावा, भले पहिली भेट एवढ्यावरच संपली तरी हरकत नाही.

दुसरी पायरी जवळ जाण्याची. जायचे ते तिरके, खांद्याच्या रोखाने, बोलत बोलत, म्हणजे आपण त्याला दिसत आणि ऐकू येत राहू. हाताच्या अंतरावर थांबायचे आणि मुठीची पाठ पुढे करायची. आता घोड्याची पाळी. त्याने नाक पुढे आणून हुंगले तर ठीक. मान फिरवली, एक पाऊल मागे घेतले, तर मुलाने हात खाली घेऊन दोन पावले मागे व्हायचे. या सगळ्या लेखात मला एकच कृती शिकवायची मुभा दिली, तर मी हीच शिकवेन. मूल मागे होते, घोडा पाहतो की आपले ऐकले गेले, आणि पुष्कळदा तो मग स्वतःच मान वळवतो. ज्या घोड्याला नाही म्हणता येते त्याला लाथ मारावी लागत नाही. मोठ्या माणसाने इथे मध्ये पडून घोड्याचे तोंड ओढून मुलाकडे आणले, तर सगळे मुसळ केरात जाते.

हात कुठे लावायचा? नाकावर आणि कपाळावर थापट्या मारायचा मोह टाळावा. घोडे एकमेकांना खाजवतात ते मानेच्या तळाशी, आयाळ संपते त्या उंचवट्यापाशी. फ्रान्समधल्या कामार्गच्या घोड्यांवर १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की नेमके तिथे खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. मुलाने तिथे थोडा वेळ खाजवावे आणि हात काढून थांबावे. घोडा अंगाने किंचित झुकला, वरचा ओठ लांबवला, तर त्याला आणखी हवे आहे. निघून जाऊ लागला तर पुरे. भरवायचेच असेल तर मालकाला विचारून, आणि हातापेक्षा घमेल्यातून बरे. हातून खायची चटक लागलेला घोडा बोटे आणि खाऊ यांत फरक करीलच असे नाही.

तिसरी पायरी कामाची. खरारा करणे, चारा टाकणे, पाणी दाखवणे, नालबंद खूर कसा कातरतो आणि नाल कशी ठोकतो ते पाहणे. खूर नखासारखा वाढत राहतो आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी त्याकडे बघावे लागते, हे कळल्यावर घोडा ही कुणीतरी रोज निभावण्याची जबाबदारी आहे, हे मुलाला आपोआप उमगते. ब्रिटनमध्ये १९२९ साली सुरू झालेल्या पोनी क्लबच्या परीक्षांमध्ये बसण्याच्या कौशल्याबरोबर घोड्याच्या निगेचीही परीक्षा असते, हे मला त्या संस्थेचे सर्वांत अनुकरणीय अंग वाटते. इथे काही सावधगिरी मात्र शिस्तीने शिकवायची: दोरी हाताला गुंडाळायची नाही, खुरांपाशी मांडी घालून बसायचे नाही, पोटाखालून जायचे नाही, मागे जायचे तर हात पाठीवर ठेवून बोलत जायचे.

पुढची पायरी बरोबर चालण्याची. मूल घोड्याच्या खांद्यापाशी, दोरीचे दुसरे टोक मोठ्या माणसाकडे. मुलाने चालायचे, मग श्वास सोडून थांबायचे. सरावलेला घोडा त्याच्याबरोबर थांबतो. ओढावे लागत नाही हे पाहून मुलाचा चेहरा जसा उजळतो, तसा फेरीच्या फोटोत कधी दिसत नाही.

आणि मग पाठ. मुलांच्या बाबतीत घोड्याला वजनाचा प्रश्न सहसा नसतो, प्रश्न तोंडाचा असतो. लगामाची कडी घोड्याच्या जबड्यातल्या दात नसलेल्या पट्टीवर, हिरड्यांवर टेकते. तोल न सांभाळता येणारे मूल लगामाला लोंबकळते आणि प्रत्येक हिसका त्या हिरड्यांना बसतो. म्हणून सुरुवातीला मुलाच्या हाती लगाम देऊच नये. जाणत्या माणसाने घोडा लांब दोरीवर गोल चालवावा. मुलाने डोक्यात हेल्मेट घालून खोगिराची पट्टी धरावी आणि नुसता तोल शोधावा. पाय रिकिबीत पोचत नसतील तर ते रिकिबीच्या वादीत अडकवू नयेत, कारण पडल्यावर अडकलेला पाय हा पडण्यापेक्षा मोठा धोका असतो. तोल आला की लगाम आपोआप हलक्या हाताने धरला जातो.

या सगळ्याला किती दिवस लागावेत याचा आकडा मी देणार नाही. काही मुले एका सकाळीत तिसऱ्या पायरीवर पोचतात, काही महिनाभर पहिलीवर थांबतात. तो वेळ मूल आणि घोडा मिळून ठरवतात.

५. आक्षेप: ‘आपले पूर्वज असले लाड करत नव्हते’

मराठी माणसाच्या मनात घोडा म्हणजे इतिहास. मग ‘मावळ्यांनी काय घोड्यांची परवानगी घेतली होती?’ असा प्रश्न येतोच. तो गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण इतिहास माझ्या बाजूचा आहे.

सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे पाणी आणि खूर यांची व्यवस्था लढाईच्या रचनेतच गुंफलेली होती. पावसाळ्यात छावणीत घोड्यांना निवारा, दाणा आणि औषधे यांची आगाऊ बेगमी केली जाई. चिपळूणजवळच्या तळावरील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये म्हणून ते आपण नेहमी आठवतो, पण त्यात घोड्यांचीही काळजी आहे: साठवलेला दाणा-गवत आताच उधळले तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि त्या मरणाचा दोष तुमच्यावर येईल, असे महाराजांनी बजावले आहे. ज्या घोडदळाच्या दौडीचा आपल्याला अभिमान आहे, ती दौड पाठीवर उडी मारण्याच्या धाडसातून आलेली नाही. ती पखाल, खरारा आणि चंदी यांच्या रोजच्या हिशेबातून आलेली आहे. मुलांना घोड्यावरचे महाराज दाखवताना पागाही दाखवली पाहिजे.

आणखी एक परंपरा आपल्या डोळ्यांसमोर दरवर्षी घडते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व चालतात. त्यांतल्या माउलींच्या अश्वावर कुणीही बसत नाही. खुद्द माउली स्वार आहेत अशी श्रद्धा आहे. रिंगणात हजारो माणसे कडे करून मागे सरतात, घोड्यांना मोकळी वाट देतात, आणि टापांखालची माती कपाळाला लावतात. घोड्याला जागा देणे हाच तिथे सोहळा आहे. जिथे अश्वाला हात लावण्यासाठी झुंबड उडते तिथे हे भान सुटते, आणि ते जाणते वारकरीच बोलून दाखवतात.

६. आक्षेप: ‘मंगोलियात तर तीन वर्षांची मुले बसतात’

बसतात. आपल्याकडेही स्थलांतर करणाऱ्या मेंढपाळ धनगरांच्या घोड्यांवर बिऱ्हाडाबरोबर कोकरे, कोंबड्या आणि लहान पोरे बसलेली दिसतात. पण ते मूल जन्मल्यापासून त्या घोड्यांच्या श्वासाच्या अंतरावर वाढलेले असते. तळ पडला की घोडी सोडणे, त्यांना चरायला नेणे, निघताना पुन्हा धरून आणणे हे ते चालू लागल्यापासून पाहते आणि करते. मी सांगितलेल्या पहिल्या तीन पायऱ्या त्याने कुणी शिकवल्याशिवाय ओलांडलेल्या असतात. शहरातले मूल शनिवारी गाडीतून उतरते ते या तयारीवाचून. धनगराच्या मुलाचे शेवटचे दृश्य तेवढे उचलून आपल्या मुलाला लागू करता येत नाही.

आणि त्या परंपरांतले सगळेच गोड मानायचे कारण नाही. मंगोलियातल्या नादाम उत्सवातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत लहान मुले जॉकी असतात, ती पडतात, जखमी होतात, आणि त्यावर खुद्द मंगोलियात टीका होत आली आहे. दुडदुडत्या वयात घोड्याशी जवळीक असणे आणि मोठ्यांच्या चुरशीसाठी मुलाला दौडवणे यांत मी फरक करतो.

७. आक्षेप: ‘मग घोड्यावर बसूच नये’

हा आक्षेप दुसऱ्या टोकाकडून येतो आणि तो घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा त्या घोड्यांची अवस्था सर्वांसमोर आली होती. घोड्याचा नकार इतका महत्त्वाचा असेल तर त्याने कधी स्वारीला होकार दिला होता, हा प्रश्न रास्त आहे.

माझे उत्तर असे. घोडा माणसाबरोबर काम करणे पसंत करू शकतो, आणि त्याचे हे पसंत करणे रोज नव्याने पाहता येते. खोगीर आणताना तो तोंड फिरवतो का, तंग आवळताना दात दाखवतो का, पाठीला जखम आहे का, काम झाल्यावर चारा खातो का. हे प्रश्न न विचारता केलेली स्वारी मलाही नको आहे. पण मुलांना घोड्यापासून कायमचे दूर ठेवले, तर हे प्रश्न विचारणारी पिढी येणार कुठून? ॲना स्यूएलने १८७७ मध्ये ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी लिहिली, तेव्हा लंडनच्या घोड्यांची मान ताठ बांधणाऱ्या पट्ट्यांविरुद्ध लोकमत तयार झाले. ती हे लिहू शकली, कारण लहानपणी पायाला झालेल्या दुखापतीमुळे आयुष्यभर ती घोडागाडीवर अवलंबून होती आणि घोड्यांना अगदी जवळून पाहत आली होती. ज्याला घोड्याचे कान वाचता येतात, तोच उपाशी, लंगडा घोडा रस्त्यावर पाहून थांबेल. दया दुरून करता येते, पण जनावराला नेमके काय दुखते हे जवळ गेलेल्यालाच कळते.

८. आक्षेप: ‘आमच्याकडे दहाच मिनिटे आहेत, आणि घोडेवाल्याचे पोट त्यावर आहे’

सगळ्यात व्यावहारिक आक्षेप हाच. सुट्टीवर गेलेल्या कुटुंबाकडे वेळ नसतो. घोडेवाल्याला हंगामाच्या काही महिन्यांत वर्षाची मिळकत करायची असते. माथेरानमध्ये दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारी जात नाहीत, तिथे घोडा हे खेळणे नसून वाहन आहे आणि कित्येक कुटुंबांची रोजीरोटी आहे. त्यांना दोष देऊन माझे घोडे पुढे दामटण्यात अर्थ नाही. जे गिऱ्हाईक मागते ते विक्रेता देतो. मागणी बदलण्याची जबाबदारी आई-वडिलांची आहे.

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा माणूस घोड्याभोवती दोन-दोनदा फिरतो, दात पाहून वय ओळखतो, चाल पाहतो, भोवरे तपासतो, मालकाला नाना प्रश्न विचारतो. पैसे गुंतलेले असतात म्हणून हा धीर असतो. आपण तर त्याच घोड्याच्या हाती पोर सोपवत असतो. त्यातला शतांश धीर दहा मिनिटांतही दाखवता येतो. घोड्याचे नाव विचारावे, तो सकाळपासून किती फेऱ्या करून आला आहे ते विचारावे, पाठीवर आणि तोंडाच्या कोपऱ्यांत जखमा नाहीत ना ते बघावे. भारवाही जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांत दिवसाला नऊ तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त काम घेऊ नये, पारा ३७ अंशांवर जाणाऱ्या भागात दुपारी बारा ते तीन काम घेऊ नये, असे म्हटले आहे. भर दुपारी फेरी न मागणे एवढे तर कोणालाही जमेल. उरलेल्या वेळात मुलाला खांद्यापाशी उभे करून खाजवायला द्यावे.

घोडेवाल्याकडे या विषयाचे ज्ञान पुष्कळ असते, त्याला ते कोणी विचारत नाही. आपली घोडी कशाला बिचकते, तिला कोणत्या कानामागे खाजवलेले आवडते, शिंगरू केव्हा झाले, हे तो तासभर सांगेल. त्या सांगण्याचे मोल त्याला मिळाले पाहिजे. म्हणून माझी सूचना साधी आहे. घोड्यांच्या तळावर फेरीच्या दरांच्या फलकावर आणखी एक ओळ असावी: वीस मिनिटे, जमिनीवरून, खरारा आणि चारा, घोडेवाल्यासोबत; दर एका फेरीइतकाच. घोड्याची पाठ तेवढा वेळ मोकळी राहते आणि मालकाची मिळकत बुडत नाही. शाळांच्या सहलींनी ही ओळ आधी मागावी, कारण पन्नास मुले एकामागून एक पाठीवर चढवण्यात घोड्यांचे सर्वांत जास्त हाल होतात. नगरपालिकांनी परवाने देताना ती सुचवावी. आणि ती ओळ फलकावर येईपर्यंत, आई-वडिलांनी घोडेवाल्याला फेरीचे पूर्ण पैसे द्यावेत आणि मुलाला जमिनीवरच उभे ठेवावे.